जर्मन घड्याळ आधी ओळखा, मग विका

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत आजही एखाद्या ताकात, लाकडी कपाटावर किंवा बैठकीच्या फळीवर बंद पडलेले घड्याळ दिसते. लाकडी पेटी, गोल तबकडी, रोमन आकडे, समोर काचेचे दार आणि तबकडीत चावीची दोन भोके. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, "हे जर्मनीचे आहे, दादांच्या वेळचे." पुढची पिढी विचारते, "चालत तर नाही, मग जागा कशाला अडवायची?" आणि घराच्या रंगरंगोटीच्या वेळी ते घड्याळ भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. पितळेचे वजन होते, लाकूड फुकट जाते.

कोणी आपली वस्तू विकावी की ठेवावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. गरज असेल तर विकण्यात लाज नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आपण काय विकतो आहोत हे विकणाऱ्याला माहीत असले पाहिजे. घेणाऱ्याला ते बहुधा माहीत असते. व्यवहारात एकाला सर्व ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच ठाऊक नाही, अशी स्थिती असली की तोटा कोणाचा होतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. म्हणून या लेखात आम्ही फळीवर ठेवायच्या जुन्या जर्मन घड्याळाची ओळख, पारख आणि निगा यांची माहिती देत आहोत.

ही घड्याळे इकडे आली कशी?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरी, नोकरी आणि व्यापार यांचे तोंड हैदराबाद व औरंगाबादकडे असे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडला मुंबईच्या मार्गाशी जोडली गेली. बीड शहराला मात्र रेल्वेसाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई किंवा हैदराबादेहून नाजूक माल बीडला आणायचा तर शेवटचा टप्पा बैलगाडीचाच. काचेचे दार आणि लंबक असलेले घड्याळ अशा रस्त्याने घरी पोहोचवणे हे साधे काम नव्हते. ज्याने ते आणले त्याने ते हौसेने आणि जपून आणले असणार.

अंबाजोगाईचे त्या काळचे नाव मोमिनाबाद. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणी, कचेरी, शाळा आणि रेल्वे स्टेशन ही चारही ठिकाणे मिनिटाच्या हिशेबाने चालतात. मशिदीत जमातची वेळ ठरवायलाही घड्याळ लागू लागले. सूर्याच्या सावलीवर आणि कोंबड्याच्या बांगेवर चालणाऱ्या गावात टोल्यांचे घड्याळ असे हळूहळू शिरले.

हैदराबादच्या अमीर-उमरावांना घड्याळांचा किती शौक होता, हे पाहायचे असेल तर तेथील सालारजंग संग्रहालयात जावे. दर तासाला एक छोटी मूर्ती बाहेर येऊन टोले देते ते संगीत घड्याळ पाहायला तेथे आजही गर्दी जमते. नवाबांकडे अशी मौल्यवान घड्याळे आली. मध्यमवर्गीय वकील, तहसीलदार, मुदर्रिस आणि व्यापारी यांच्या ऐपतीत बसले ते कारखान्यात तयार झालेले जर्मन किंवा अमेरिकन घड्याळ.

गरीब डोंगराळ भागाचा धंदा

जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वार्त्सवाल्ड, म्हणजे 'काळे जंगल' नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. जमीन थोडी, हिवाळा लांब आणि बर्फाचा. तेथील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात घरी बसून लाकडी घड्याळे बनवत आणि फेरीवाले ती पाठीवर बांधून देशोदेशी विकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेची यंत्रावर केलेली स्वस्त पितळी घड्याळे बाजारात आली आणि या घरगुती धंद्यावर संकट कोसळले.

यावर बाडेनच्या सरकारने १८५० साली फुर्टवांगेन या गावी घड्याळ बनवण्याची शाळा काढली. रॉबर्ट गेरविग हे इंजिनियर तिचे पहिले प्रमुख. त्यांनी जमवलेल्या जुन्या घड्याळांच्या संग्रहातून आजचे जर्मन घड्याळ संग्रहालय उभे राहिले. १८६१ साली श्रामबेर्ग गावात एरहार्ड युंगहान्स यांनी कारखाना सुरू केला. त्यांच्या भावाने अमेरिकेत राहून तेथील पद्धत पाहिली होती. यंत्राने कापलेले, एकसारखे, एकाच्या जागी दुसरा बसेल असे सुटे भाग ही ती पद्धत. १९०३ च्या सुमारास युंगहान्स हा जगातील सर्वांत मोठा घड्याळ कारखाना झाला. तेथे सुमारे ३००० कामगार होते आणि वर्षाला ३० लाखांहून अधिक घड्याळे तयार होत.

ज्या जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडून जातात, त्या जिल्ह्याने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नापीक डोंगरातील माणसे हुन्नर शिकली, त्या हुन्नराला शाळेची आणि यंत्राची जोड मिळाली आणि त्यांचा माल बीडच्या ताकापर्यंत येऊन पोहोचला.

पहिली खूण: कारखान्याची मुद्रा

आता मूळ विषयाकडे येऊ. घड्याळ ओळखताना तबकडीवरील नावावर भरवसा ठेवू नका. तबकडीवर अनेकदा विकणाऱ्या दुकानाचे नाव असते, बनवणाऱ्याचे नसते. पेटीचे मागील दार उघडा. आत पितळेच्या दोन जाड पत्र्यांमध्ये चक्रे बसवलेली दिसतील. यालाच घड्याळजी 'मशीन' म्हणतात. मागच्या पत्र्यावर ठसा शोधा. धूळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी, रॉकेल काही लावू नका.

आठ टोकांचा तारा आणि त्यात इंग्रजी 'जे' अक्षर असेल तर ते युंगहान्स. या कंपनीने १८८८ साली पाच टोकांचा तारा घेतला आणि १८९० पासून आठ टोकांचा. त्यामुळे आठ टोकांचा तारा असलेले घड्याळ १८९० च्या आधीचे असू शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

एकमेकांवर फुली मारलेले दोन बाण दिसले तर ते हॅम्बर्ग अमेरिकन कंपनीचे. नावात हॅम्बर्ग आणि अमेरिका असले तरी कारखाना श्रामबेर्गलाच होता. १९३० च्या सुमारास ही कंपनी युंगहान्समध्ये विलीन झाली.

नांगर, त्याच्या दोन्ही बाजूंना 'जी' आणि 'बी' आणि वर मुकुट असेल तर ते गुस्टाव्ह बेकर. यांचा कारखाना सायलेशियातील फ्रायबुर्गला होता. हे गाव १९४५ नंतर पोलंडमध्ये गेले आणि आज त्याचे नाव श्विएबोजित्से आहे. काळ्या जंगलाजवळ फ्रायबुर्ग नावाचे दुसरे मोठे शहर आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. या नावसाधर्म्यामुळे जाणकारही फसतात.

'एफ. एम. एस.' ही अक्षरे श्वेनिंगेनच्या फ्रीडरिश माउथे यांची. 'डब्ल्यू अँड एच' ही विंटरहाल्डर व हॉफमायर यांची. लेंत्सकिर्श हा कारखाना १८५१ साली निघाला आणि १९३० च्या आसपास बंद पडला. विंटरहाल्डर आणि लेंत्सकिर्श यांचे काम जास्त बारीक मानले जाते आणि संग्राहक त्यांच्यामागे असतात. मशीनवर हेर्मले हे नाव असेल तर जरा थांबा. ही कंपनी १९२२ साली निघाली आणि अजून चालू आहे. तिचे मशीन चांगले असते, पण ते एकोणिसाव्या शतकातले खचितच नाही.

दुसरी खूण: देशाचे नाव

ब्रिटनने १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचे नाव लिहिणे भाग पडले. हिंदुस्थानातही १८८९ साली तसाच कायदा झाला. हेतू असा, की जर्मन मालावर 'मेड इन जर्मनी' दिसले की गिऱ्हाईक तो टाळेल. झाले उलटे. गिऱ्हाईक तीच अक्षरे शोधून माल घेऊ लागले.

आपल्या कामाचा भाग असा. 'मेड इन जर्मनी' किंवा नुसते 'जर्मनी' असेल तर घड्याळ बहुधा १८८७ नंतरचे. 'वेस्ट जर्मनी' असेल तर ते १९४९ ते १९९० या काळातले, कारण त्या नावाचा वेगळा देश तेवढाच काळ होता. म्हणजे 'वेस्ट जर्मनी' लिहिलेले घड्याळ कोणी शंभर वर्षांचे म्हणून विकत असेल तर त्याला हसून सलाम करावा आणि पुढे निघावे. १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ या दोन महायुद्धांत जर्मनी शत्रुराष्ट्र होते आणि त्याच्याशी व्यापार बंद होता. त्यामुळे आपल्याकडे सापडणारी जुनी जर्मन घड्याळे बहुतेक १९१४ च्या आधीची किंवा १९२० ते १९३९ या काळातली असतात.

तिसरी खूण: आकडे

गुस्टाव्ह बेकरच्या मशीनवर अनुक्रमांक असतो. कारखान्याने दहा लाखांचा आकडा १८९२ साली गाठला. तुमच्या मशीनचा आकडा त्याहून लहान असेल तर ते त्याआधीचे, मोठा असेल तर नंतरचे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. युंगहान्सच्या अनेक मशीनवर 'ए' किंवा 'बी' अक्षर आणि दोन आकडे असतात. 'ए' म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग, 'बी' म्हणजे दुसरा. 'बी १०' असेल तर १९१० ची दुसरी सहामाही.

कधी पत्र्याच्या खालच्या बाजूला दोन आकडे आडव्या रेघेने वेगळे केलेले असतात. ते साल नव्हे. त्यांतील एक लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो, दुसरा एका मिनिटात पडणारे ठोके. लंबक हरवला असेल तर नवा करून घेण्यासाठी हे आकडे फार मोलाचे आहेत, म्हणून ते लिहून ठेवा.

आपल्या भागात आणखी एक खूण मिळते, ती दुसरीकडे क्वचितच मिळेल. पेटीच्या आत किंवा पाठीवर कधी उर्दूत खरेदीची, भेटीची किंवा दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सालाने चाले. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येते. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. पण तोच १३५७ हा आकडा हिजरी असेल तर तो १९३८-३९ होतो. एकाच आकड्याने जवळपास दहा वर्षांचा फरक पडतो. म्हणून आकड्याजवळ 'फ' आहे की 'ह', आणि महिना आजूर, दै असा आहे की मोहर्रम, सफर असा, हे आधी पाहावे. असा मजकूर पुसू नका. दुरुस्तीची ओळ लिहिणाऱ्या जुन्या घडीसाजाने तुमच्या घड्याळाचा दाखलाच लिहून ठेवला आहे.

चौथी खूण: भोके आणि आवाज

तबकडीवर चावीचे एकच भोक असेल तर घड्याळ फक्त वेळ दाखवते. दोन असतील तर उजवीकडचे चालीचे, डावीकडचे टोल्यांचे. तीन असतील तर दर पाव तासाला सूर वाजतो. मधले भोक चालीचे, डावे तासाच्या टोल्यांचे आणि उजवे सुरांचे. हे सूर बहुधा वेस्टमिन्स्टरचे असतात. लंडनच्या बिग बेनच्या मनोऱ्यामुळे ते जगभर गेले, पण मूळ केंब्रिजच्या एका चर्चमधील १७९३ सालचे आहे.

आत हातोडी कशावर पडते ते पाहा. तारेचे वेटोळे असेल तर घड्याळ बहुधा जुन्या धाटणीचे. सरळ पितळी-पोलादी कांड्या असतील तर विसाव्या शतकातले असण्याची शक्यता जास्त. पेटीचा आकारही बोलतो. खांब, कळस, कोरीव माथा अशी इमारतीसारखी पेटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आवड. मधे फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरती, नेपोलियनच्या टोपीसारखी पेटी साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून १९३० च्या दशकापर्यंत फार चालली.

तबकडीवर चारचा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला पाहून काही जण घड्याळ नकली म्हणतात. हा गैरसमज आहे. रोमन आकड्यांच्या घड्याळात चार असाच लिहिण्याची जुनी रीत आहे. तबकडीच्या वरच्या भागात 'एफ' आणि 'एस' अक्षरे असतील तर ती इंग्रजीतील जलद आणि मंद यांची. इंग्रजी बाजारासाठी केलेल्या मालाची ही निशाणी.

जोडकाम कसे ओळखावे?

जुन्या बाजारात एकाची पेटी, दुसऱ्याचे मशीन आणि तिसऱ्याची तबकडी एकत्र करून 'अस्सल जर्मन' म्हणून विकण्याचे प्रकार होतात. जोडलेले घड्याळ चालते, दिसतेही छान, पण त्याला अस्सलाची किंमत देऊ नये. पाहायच्या गोष्टी अशा.

चावीची भोके तबकडीच्या भोकांच्या बरोबर मधोमध येतात का? पेटीच्या लाकडात मशीन बसवण्याची जुनी, रिकामी भोके दिसतात का? दिसली तर तेथे आधी दुसरे मशीन होते. स्क्रूच्या माथ्यावर एक सरळ खाच आहे की अधिकाची खूण? अधिकाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. १९०० च्या घड्याळात ते असतील तर नंतर हात लागलेला आहे. दुरुस्तीत एखादा स्क्रू बदलणे हा दोष नाही, पण सगळेच नवे असतील तर विचारणा करावी. लाकडाचा रंग बाहेर आणि आत वेगळा असणे स्वाभाविक आहे. आतही चकचकीत पॉलिश असेल तर संशय घ्यावा. आणि मागे बॅटरीचा डबा बसवलेला असेल तर ती फक्त जुनी पेटी आहे, घड्याळ नव्हे. आमच्याकडे अनेक घरांत 'दुरुस्ती' म्हणून असे मशीन काढून फेकले गेले आहे. जुने मशीन कुठे पडले असेल तर आधी ते शोधा.

कदर कशाची करायची?

किंमत आणि कदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका चावीवर हे घड्याळ आठ दिवस चालते. तास आणि अर्ध्या तासाला टोले देणाऱ्या घड्याळाचा हिशेब करून पाहा. एक ते बारा मिळून ७८ टोले, दिवसातून दोनदा म्हणजे १५६, आणि अर्ध्या तासाचे २४. एकूण १८०. आठ दिवसांत १४४० टोले, आणि ही सगळी ताकद हाताने पिळलेल्या एका पोलादी पट्टीत साठवलेली. वीज नको, बॅटरी नको. लोडशेडिंगने ज्यांची संध्याकाळ अंधारात गेली आहे, त्यांना यातील मोठेपणा वेगळा सांगायला नको.

टोले मोजण्याची युक्तीही दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीत एका चाकाच्या कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा असतात. काटे कुठे आहेत याच्याशी त्या चाकाला देणेघेणे नसते. ते आपले तीननंतर चार, चारनंतर पाच वाजवते. म्हणून अशा घड्याळात काटे घाईने फिरवले तर काटा सातवर आणि टोले चार, असा घोळ होतो. नंतरच्या पद्धतीत दात्यांची एक पट्टी दर तासाला नव्याने मोजते, त्यामुळे चूक आपोआप सुधारते. तुमच्या घड्याळात यातील कोणती आहे हे ओळखता आले की त्याचे वय आणि स्वभाव दोन्ही कळू लागतात.

निगा

घड्याळ सपाट जागेवर ठेवा. टिक आणि टॉक यांतील अंतर सारखे ऐकू आले पाहिजे. लंगडा आवाज येत असेल तर घड्याळ थोड्या वेळात थांबेल. ते बिघडलेले नसून कललेले असते. मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट फिरवून वजन किंचित वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. काटे उलटे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक टोला पूर्ण होऊ द्या.

'चावी जास्त दिली म्हणून बिघडले' असे सर्रास म्हटले जाते. चावी पूर्ण बसेपर्यंत द्यायचीच असते. घड्याळ थांबते ते बहुधा वाळलेल्या तेलामुळे, धुळीमुळे किंवा झिजलेल्या भोकांमुळे. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल ओतणे, मशीन रॉकेलमध्ये बुडवून काढणे हे उपाय चार दिवस चालतात आणि नंतर मशीन खातात. पितळ चमकवायचे पॉलिश तबकडीवर लावू नका. चंदेरी मुलामा आणि आकडे दोन्ही निघून जातात. अंधारात चमकणारे आकडे असलेले जुने गजराचे घड्याळ असेल तर तो रंग खरवडू नका. त्यात रेडियम असण्याचा संभव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, पिळलेली स्प्रिंग उतरवल्याशिवाय मशीनचे पत्रे कधीही उघडू नका. ती सुटली तर बोट तुटू शकते. हे काम जाणकार घडीसाजाचेच आहे.

विकायचे तर कसे?

दारात आलेल्या गिऱ्हाईकाला त्याच दिवशी होकार देऊ नका. पाच फोटो काढा: समोरून, बाजूने, उघडलेले मागील दार, मशीनवरील ठसा जवळून, आणि पेटीतील कोणताही मजकूर. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, ते कागदावर लिहा. किमान तीन ठिकाणी विचारा. बीडमध्ये एक, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात एक, मुंबई किंवा हैदराबादच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक. चावी, लंबक, तुटलेला कळस, सुटलेली लाकडी पट्टी हे सर्व पेटीबरोबर ठेवा. विकण्याआधी पॉलिश करून 'नवे' करू नका. जाणकार गिऱ्हाईक जुनी झिलई पाहून पैसे देतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. पुरावस्तू व कलासंपदा कायदा १९७२ चा आहे. शास्त्र, कला किंवा कारागिरीचा नमुना असलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. आखाती देशात किंवा युरोपात असलेल्या नातेवाइकाकडे घड्याळ पाठवायचे असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी. वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला त्या विभागाकडून मिळतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला आग्रहाने सांगायची आहे. वडिलांचे घड्याळ म्हणजे फक्त घरात राहणाऱ्या मुलाचे घड्याळ नव्हे. ते तरक्याचा भाग आहे. समजा, वारस म्हणून दोन भाऊ आणि दोन बहिणी आहेत आणि दुसरा कोणी वारस नाही. भावाला दोन आणि बहिणीला एक या हिशेबाने सहा वाटे होतात. घड्याळ ९००० रुपयांचे निघाले तर प्रत्येक बहिणीचे १५०० रुपये होतात. तेच घड्याळ थोरल्याने न विचारता भंगारात ६०० रुपयांना दिले तर बहिणीच्या वाट्याला १०० रुपये, आणि तेही बहुधा तिला कोणी देत नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण हक्क उदाहरणाचा नाही. जमिनीच्या वाटणीत आपण कागद पाहतो. मग घरातील जिनसांची किंमत न ठरवताच त्या का वाटल्या जातात? बहिणींना बोलवा, किंमत काढा, मग विका किंवा एकाने ठेवून बाकीच्यांना पैसे द्या.

घडीसाजाचा हात

एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना १९६१ साली बंगळूरला सुरू झाला. १९७१ साली मोरबीला अजंता कंपनी निघाली आणि पुढे स्वस्त भिंतीवरची घड्याळे घराघरांत गेली. क्वार्ट्झ आल्यावर घड्याळ दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणे परवडू लागले आणि मोबाईलने तर मनगटही मोकळे केले. चौकाच्या कोपऱ्यात काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणारा घडीसाज आता बॅटरी आणि पट्टे विकून दिवस काढतो. जुन्या मशीनच्या घासलेल्या भोकात पितळी बुश बसवणे, तुटलेला दाता भरणे, लंबकाची पातळ पत्ती बदलणे हे ज्याला येते त्याच्याकडे शिकायला कोणी नाही.

यात धंदा आहे, असे आमचे मत आहे. तो मोठा नाही. गावोगाव दुकाने चालतील इतके काम जिल्ह्यात मिळणार नाही. पण दोन-चार तरुणांनी हे काम नीट शिकून घेतले तर त्यांना फक्त बीडपुरते थांबायची गरज नाही. मशीन पार्सलने येऊ-जाऊ शकते, ठशाचा फोटो क्षणात पोहोचतो, आणि मुंबई-पुण्याच्या घरांत बंद पडलेली घड्याळे थोडी नाहीत. गिऱ्हाईक आपल्याकडचा मौल्यवान नग सोपवते, त्यामुळे या धंद्याचे भांडवल अवजारांपेक्षा विश्वासाचे आहे. काय बदलले ते लिहून देणे, काढलेला जुना भाग परत करणे आणि खर्च आधी सांगणे या तीन सवयी ज्याला आहेत, त्याचे नाव व्हायला वेळ लागत नाही.

ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. मागचे दार उघडून ठसा पाहावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. आणि गावात जुना घडीसाज अजून बसत असेल तर बॅटरीच्या निमित्ताने का होईना, त्याच्याकडे जावे आणि हे काम त्याला येते का, ते विचारावे.